पाच खळगे आणि एकेचाळीस चरण

फार पूर्वी, किनाऱ्यांना अजून नकाशे नव्हते आणि लोक दिवस भरती-ओहोटीने मोजत, त्या काळी एका काळ्या कड्यावर एक गाव वसलेले होते. गावाकडे एकच मोठे गलबत होते. समोरच्या बेटावर त्याच गावाच्या लेकी दिलेल्या होत्या, आणि बेटाला लागणारे धान्य, लाकूड, कापड सारे त्या एका गलबतातून जाई.

कड्याच्या पायथ्याशी खडकाचा एक अरुंद कट्टा होता. भरतीला तो पाण्याखाली जाई आणि ओहोटीला सात घटका उघडा पडे. त्या सात घटकांत गलबत कट्ट्यालगतच्या लाकडी टेकूंवर बसे, आणि त्याच्या तळाची लांब भेग बुजवता येई. काम एकाच ओहोटीत पुरे व्हावे लागे. अर्धवट बुजवलेली भेग भरतीचे पाणी पुन्हा धुऊन नेई.

कट्ट्यावर तिघांनाच उभे राहता येई. खडक उतरता आणि शेवाळलेला होता. त्यावर ठेवलेले मडके घसरून समुद्रात पडे. म्हणून पूर्वजांनी तेथे पाच खळगे कोरले होते, प्रत्येकात एक मडके घट्ट बसेल एवढे. उरलेले सामान कड्यावरच्या कोठारात राही, नव्वद पायऱ्या वर. पायऱ्याही अशा अरुंद, की एका वेळी एकच माणूस एकच मडके घेऊन चढे किंवा उतरे.

पण काम होते दहा मडक्यांचे. समुद्राचे पाणी, तेल, तेलात भिजवलेले सूत, गरम राळ आणि चुना ही पाच. राख, काथ्या, विटेची भुकटी, डिंक आणि मेण ही आणखी पाच. खळग्यांना नावे होती. एक पाण्याचा, एक तेलाचा, एक सुताचा, एक राळेचा, एक चुन्याचा. तेलाच्या खळग्यात तेलाखेरीज दुसरे काही ठेवणे गावाला अमंगळ वाटे. उरलेल्या पाच मडक्यांना नावाचा खळगा नव्हता. ती लागतील तेव्हा खाली आणायची, हातात धरून वापरायची, आणि लगेच वर न्यायची, असा रिवाज होता.

एका वर्षी बेटावरून एक लहान होडी कशीबशी लाटा कापत आली. होडीतल्या माणसाचे ओठ फुटले होते. वादळात समुद्र बेटावर चढला होता आणि बेटाची एकुलती एक विहीर खारी झाली होती.

"रांजणांत आहे ते पाणी चार दिवस पुरेल," तो म्हणाला. "पाचव्या दिवसाचे मला विचारू नका."

गोड्या पाण्याची पिंपे एवढ्या लाटांतून नेणे लहान होडीला शक्य नव्हते. ते गलबतालाच जमले असते, पण गलबताच्या तळाची भेग उघडी पडली होती.

भेग बुजवण्याचे काम गावातल्या एका वृद्ध कारागिराचे होते. त्याच्याइतका नेमका हात पंचक्रोशीत दुसरा नव्हता. त्याची एकुलती मुलगी त्या बेटावर नांदत होती, आणि तिच्या मांडीवर चार महिन्यांचे मूल होते. होडीवाल्याने तिचा निरोप सांगितला नाही. कारागिरानेही विचारला नाही. त्याने ठोकायची लाकडी मोगरी उचलली आणि पायऱ्या उतरायला लागला.

पहिल्या दिवशी भेग निम्मीदेखील बुजली नाही. भरती आली आणि केलेले धुऊन गेली. दुसऱ्या दिवशी त्याने हात अधिक वेगाने चालवला, घोटाघोटाने पाणी प्यावे तसा श्वास घेत राहिला; भेग निम्म्यापुढे थोडी सरकली, आणि भरती आली.

"आपला वेग कमी पडतो," गलबताचा तांडेल, म्हणजे त्याचा कप्तान, वर आल्यावर म्हणाला. तोही कट्ट्यावरच्या तिघांत होता. "उद्या आणखी जोर लावू."

"जोर कोणाचा कमी पडला?" मागून एक बाई म्हणाली.

ती गावाची जाळी विणणारी होती. जाळ्यांचे काम नसे तेव्हा कोठारातून मडकी खाली नेणे आणि वर आणणे हे तिचे काम असे. दोन दिवस तीच त्या पायऱ्यांवर होती. ती आता कोठाराच्या उंबऱ्यावर पाय पसरून बसली होती आणि गुडघे चोळत होती.

"वहिनी, तुम्ही दमलात. साहजिक आहे," तांडेल म्हणाला.

"दमले आहे, आणि मोजलेही आहे. काम चालू असताना आज मी बावीस फेऱ्या केल्या असत्या, भरती मध्ये आली नसती तर. एका फेरीला पाव घटका लागते. म्हणजे फेऱ्यांना साडेपाच घटका. काकांच्या हाताला पूर्ण कामासाठी पाच घटका लागतात. एकूण साडेदहा. ओहोटी सात घटकांची आहे. आता सांगा, जोर कुठे लावायचा?"

तांडेल बोटांवर फेऱ्या मोजू लागला. कारागीर मात्र चिडला.

"बावीस का असेनात! मडके हाताशी आल्याखेरीज हात काय करणार? माझ्या हातून एक चरण वगळला जाणार नाही."

हे चरण म्हणजे कामाचे गाणे. कोणती वस्तू कधी उचलायची ते विसरू नये म्हणून कारागीर काम करताना ते गुणगुणे. त्याचे एकेचाळीस चरण होते, आणि प्रत्येक चरणात मडक्यांची नावे येत.

"एकही वगळू नका," ती म्हणाली. "ते गाणे मला एकदा सावकाश ऐकवा. काम न करता. दिवेलागणीला अवकाश आहे."

"जाळे विणून गलबत बुजते होय, वहिनी?" तांडेल हसला.

"बुजत नाही. पण कुठे गाठ हवी आणि कुठे नको, हे जाळे शिकवते. तुम्ही ती भिंतीला टेकवलेली काठी इकडे द्या."

तिने ती काठी दोन खुंट्यांवर आडवी टेकवली आणि तिला दहा दोऱ्या बांधल्या, प्रत्येक मडक्यासाठी एक. काठीपासून खाली बोट बोट अंतर म्हणजे एकेक चरण, असे ठरवले. कारागीर गाऊ लागला. ज्या चरणात ज्या मडक्याचे नाव येई, त्या दोरीला तेवढ्या अंतरावर ती गाठ मारी.

पाण्याच्या दोरीवर चार गाठी झाल्या, तेव्हा ती थांबली.

"काका, हे पाण्याचे मडके तुम्ही कुठून भरता?"

"समुद्रातून. आणखी कुठून?"

"आणि काम करताना समुद्र कुठे असतो?"

कारागिराने आपल्या पायांकडे पाहिले. घोट्यापर्यंत त्यांवर अजून मीठ वाळलेले होते.

तांडेल मोठ्याने हसला, आणि कारागिराचा चेहरा पाहून थांबला.

"माझ्या आजोबांनी पाण्याचे मडके त्या खळग्यात ठेवले," कारागीर हळू आवाजात म्हणाला. "ते वेडे नव्हते."

"वेडे मुळीच नव्हते. तेव्हा ओहोटीला समुद्र किती मागे जाई?"

त्याने आठवून पाहिले. "तीस पावले, असे ते सांगत. मधे नुसता चिखल."

"मग त्यांनी बरोबरच केले. त्यांचे गलबत केवढे होते?"

"लहान. होडीच म्हण."

"आणि गाणे?"

"सतरा चरणांचे. राख, काथ्या, भुकटी, डिंक, मेण हे सारे या मोठ्या गलबताबरोबर आले."

"म्हणजे त्यांची मडकी पाच आणि खळगे पाच. त्यांनी विचार केला होता, काका. आपण त्यांचे उत्तर तेवढे पाठ केले."

कारागीर पुढचे चरण गाऊ लागला, आणि शेवटच्या चरणापर्यंत थांबला नाही. पाण्याची दोरी तिने सोडून बाजूला ठेवली. नऊ दोऱ्या उरल्या.

मग तिने काठीजवळ बसून त्या दोऱ्या पाहिल्या. गाठी किती, याला तिने महत्त्व दिले नाही. पहिली गाठ कुठे आणि शेवटची कुठे, हे ती पाहत होती.

"ही राख," ती म्हणाली. "भेग कोरडी करायला दुसऱ्या चरणात येते, नवव्या चरणात तिचे काम संपते. त्यानंतर ती कट्ट्यावर असो किंवा नसो, सारखेच. सूत दहाव्या चरणात प्रथम लागते. मग राख ज्या खळग्यात होती, त्यातच सूत का बसू नये? सुताचे काम अठ्ठाविसाव्या चरणात संपते. मेण तेहेतिसाव्यात येते. तेही तिथेच. या तिघांची एकमेकांशी गाठच पडत नाही; त्यांना तीन जागा कशाला हव्यात?"

तिने त्या तीन दोऱ्या एकाखाली एक बांधून एक दोरी केली.

"काथ्या चौदाव्यात संपतो, भुकटी पंधराव्यात सुरू होते. दोघांना एक जागा." पुन्हा दोन दोऱ्यांची एक झाली. "राळ एक आणि चुना एक, हे फार काळ लागतात, ते आपापल्या जागी राहोत."

आता काठीला सहा दोऱ्या लोंबत होत्या. खळगे पाच होते.

दोऱ्या उलटसुलट करून तिने पाहिल्या. एकविसाव्या ते अठ्ठाविसाव्या चरणांत सहाच्या सहा मडक्यांची गरज उभी होती, आणि तिथे कोणतीही दोन एका खळग्यात मावणार नव्हती. हे गणित कितीही मांडले तरी सहाचे पाच होत नव्हते.

"जमत नाही ना?" तांडेलाने विचारले. या वेळी तो हसत नव्हता.

"सगळी खाली ठेवून जमत नाही. एकाला मधल्या काळात वर जावे लागेल. कोणाला, एवढाच प्रश्न आहे." तिने एका दोरीवरून बोट फिरवले. "जे आता लागून गेले आहे आणि पुन्हा सर्वांत उशिरा लागणार आहे, त्याला. असे एकच आहे. सतराव्या चरणात ते लागते, आणि त्यानंतर थेट छत्तिसाव्यात. मधल्या अठरा चरणांत ते नुसते बसून असते."

"कोणते?" कारागिराने विचारले, पण दोरी त्याने ओळखली होती.

"तेल."

कारागीर उठून उभा राहिला.

"तेलाचे मडके वर जाणार? आणि त्या खळग्यात डिंक बसणार? पोरी, त्या खळग्याला आम्ही कामाआधी नमस्कार करतो!"

"नमस्कार तसाच करा. मी त्याला कधी नाही म्हटले?" तिचा आवाज मऊ झाला. "काका, तुमच्या मनाला काय होते ते मला कळते. पण भरतीला ते कळत नाही. जुन्या रीतीने बावीस फेऱ्या, या रीतीने पाच. पाच फेऱ्यांना सव्वा घटका आणि तुमच्या हाताला पाच. ओहोटी सातची. उद्या तिसरा दिवस आहे. चुकले तर परवा एकच ओहोटी उरेल, आणि इथून बेट अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहे."

कारागीर कड्याच्या टोकाशी गेला आणि बेटाच्या दिशेला पाहत राहिला. परत आला तेव्हा त्याने एवढेच विचारले, "राख कोणत्या खळग्यात ठेवायची म्हणालीस?"

तिसऱ्या दिवशी कट्टा पाण्याबाहेर येताच, पायऱ्यांवर आधीच आणून ठेवलेली राख, काथ्या, तेल, राळ आणि चुना ही पाच मडकी त्यांनी खळग्यांत बसवली. कारागिराने तेलाच्या खळग्याला नमस्कार केला आणि गाणे सुरू केले. बाई पायऱ्यांच्या तळाशी काठी घेऊन उभी होती. एकेक चरण झाला, की तिचे बोट दोऱ्यांवरून एकेक गाठ खाली येई. नववा चरण संपताच राख वर गेली आणि सूत आले. चौदावा संपताच काथ्याच्या जागी भुकटी आली. हात एकदाही रिकामा राहिला नाही.

सतरावा चरण झाला. कारागिराने तेलाचे मडके खळग्यातून काढले, आणि ते हातातच धरून उभा राहिला. तांडेलाने नजर दुसरीकडे वळवली.

"सांभाळून ने," शेवटी कारागीर म्हणाला. "छत्तिसाव्याला परत हवे आहे मला."

"पस्तिसाव्याला आणते," ती म्हणाली, आणि चढू लागली.

डिंक त्या खळग्यात बसला. खडकाने काही तक्रार केली नाही. विसाव्या, बाविसाव्या, चोविसाव्या चरणापर्यंत काम कधी नव्हे इतके सरळ चालले. पंचविसाव्या चरणात गरम राळ आणि डिंक हाताने एकत्र दाबायचे होते. कारागिराचा हात सवयीने डावीकडे गेला, आणि रिकामाच परत आला.

"तेल!" तो ओरडला. "राळेत हात घालण्याआधी तळव्यांना तेल लागते. नाहीतर कातडी राळेबरोबर निघून येईल."

बाईचा चेहरा उतरला. तिने दोरी पाहिली. पंचविसाव्या चरणाजवळ गाठ नव्हती.

"गाण्यात नाही हे," ती म्हणाली.

"गाण्यात कसे असेल? हे सांगावे लागत नाही. हात आपोआप करतात."

"मग चूक माझी. मी गाण्याला विचारले, हातांना विचारले नाही." ती पायऱ्यांकडे वळली. "मी तेल आणते."

"थांब!" कारागीर म्हणाला. "वर जाऊन येईपर्यंत राळ थिजून वाया जाईल." त्याने पाचही खळग्यांवर नजर फिरवली. राळ, चुना, भुकटी, डिंक, सूत. मग तो अचानक खाली वाकला, सुताच्या मडक्यात हात घातला आणि एक चिंब लड बाहेर काढून तळव्यांत पिळली. बोटांमधून तेल ओघळले.

"सूत तेलातलेच आहे," तो म्हणाला. "तेल वर गेले, पण थोडे आपल्याजवळ राहिलेच होते." आणि त्याने राळेत हात घातला.

बाईने काठी गुडघ्यावर टेकवून तेलाच्या दोरीला, पंचविसाव्या बोटावर, एक गाठ मारली. मग सुताच्या दोरीलाही त्याच ओळीत एक मारली.

पस्तिसाव्या चरणाला तेल खाली आले. चाळिसाव्याला मेण संपले. एकेचाळिसाव्या चरणात कारागिराने संपूर्ण भेगेवरून तेलाचा बोळा फिरवला, तेव्हा भरतीचे पहिले पाणी त्याच्या टाचांना लागत होते. तिघे पायऱ्यांवर चढून उभे राहिले आणि पाहू लागले. पाणी टेकूंवर चढले, तळाला भिडले, वर आले. गलबत टेकूंवरून उचलले गेले आणि तरंगू लागले. तांडेल आत उतरला. त्याने तळाच्या फळीवर उघडा पंजा दाबून धरला, आणि तो वर करून सर्वांना दाखवला. तो कोरडा होता.

गलबत पिंपे भरून त्याच संध्याकाळी निघाले. चौथ्या दिवशी सकाळी बेटावरच्या लोकांनी रांजणांचे तळ खरवडणे थांबवले. परतीच्या फेरीत कारागिराची मुलगी मुलाला घेऊन माहेरी आली. नातवाने आजोबांच्या राळ लागलेल्या बोटाला घट्ट धरले आणि सोडायला तयार झाला नाही.

गावाला आनंद झाला. आनंद झालेल्या गावाला नेहमी जे सुचते, तेच सुचले. लोकांनी ती दोऱ्यांची काठी कोठारात उंच टांगली, तिला हळदकुंकू वाहिले, आणि यापुढे प्रत्येक गलबत याच गाठींप्रमाणे बुजवायचे, असे ठरवले.

जाळी विणणारी बाई हे पाहून कोठारात गेली. तिच्याआधी कारागीर तिथे पोचला होता. त्याने काठी खाली काढली होती, आणि म्हाताऱ्या बोटांनी तो एकेक गाठ सोडवत होता.

"काका, हे काय?"

"नवी फळी बसवायची आहे पुढच्या वर्षी," तो म्हणाला. "गाणे बदलेल. मी तुला पुन्हा गाऊन दाखवीन, आणि या वेळी हातांचेही सांगेन. या गाठी मात्र इथे राहू द्यायच्या नाहीत. नाहीतर माझा नातू त्यांना नमस्कार करील आणि मोजायचे विसरेल."

ती त्याच्या शेजारी बसली आणि दुसऱ्या टोकापासून गाठी सोडवू लागली.

म्हणून, वाचकहो, तुम्ही लहान असा वा मोठे, एवढे ध्यानात ठेवा: जागा थोडी असेल तेव्हा ती मानावरून वाटू नये, कोणाची गरज केव्हा लागते आणि केव्हा संपते हे दर वेळी नव्याने पाहून वाटावी.